माल्टाच्या समुद्रातलं युद्धकाळातलं विमान: इंजिनाच्या फोटोवरून ओळखायला मदत हवी

डिझेलफिटर, सोलापूर

नमस्कार मंडळी.

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं इंजिन सेक्शनला होतो, आता निवृत्त. विमानाला कधी हात लागलेला नाही, पण एका विमानाचं इंजिन गेले पंधरा दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथं विचारतोय.

माझा भाचा माल्टात नर्स आहे. त्याचा एक मित्र खोल पाण्यात डायव्हिंग करतो. त्यानं दोन वेगवेगळ्या दिवशी दोन बुडालेल्या विमानांवर बुडी मारली. भाच्याकडं डायव्हिंगचा १८ मीटरपर्यंतचाच परवाना आहे, म्हणून तो दोन्ही वेळा बोटीवर थांबला. मित्रानं कॅमेऱ्यातलं कार्ड तसंच भाच्याला दिलं आणि भाच्यानं १४ फोटो मला पाठवले. कॅमेऱ्याची बॅटरी काढल्यामुळं घड्याळ पुसलं गेलं होतं, सगळ्या फोटोंवर एकच तारीख. कुठला फोटो कुठल्या विमानाचा ते त्या मित्रालाही आता सांगता येत नाही.

दोन्ही विमानं दुसऱ्या महायुद्धातली, दोन्ही ब्रिटिश, दोन्ही ब्रिस्टल कंपनीची, दोन्हींना दोन-दोन इंजिनं. एक ब्लेनहाइम, मार्साश्लोकच्या बाजूला सुमारे ४२ मीटरवर, सरळ बसलेलं. दुसरं ब्यूफायटर, सेंट ज्युलियन्ससमोर सुमारे ३८ मीटरवर, उताणं पडलेलं. चाक वर असलेले पाच फोटो अर्थातच ब्यूफायटरचे. सरळ पंख दिसणारे सहा ब्लेनहाइमचे. उरले तीन: ९, ११ आणि १२.

९ नंबर हा इंजिनाचा जवळून घेतलेला फोटो आहे. मधे प्रोपेलरचा बॉस, भोवती सिलिंडर. पाच सिलिंडर स्पष्ट दिसतात, सहावा अर्धा, बाकीचे शेवाळ आणि कालवांखाली. सिलिंडरच्या हवेनं थंड व्हायच्या पात्या जाग्याजाग्यावर अजून मोजता येतात, इतक्या शाबूत आहेत. ८० वर्षं खाऱ्या पाण्यात!

आता हे मी का विचारतोय ते सांगतो. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, १९४३ साली १९ वर्षांचे असताना होटगीवरून मीटरगेजच्या गाडीनं बंगळूरला गेले, विमानाच्या कारखान्यात. उद्योगपती वालचंद हिराचंद शेठ आमच्या सोलापूरचे, त्यांनी १९४० च्या डिसेंबरात तो कारखाना काढला, त्यामुळं इकडची पोरं तिकडं जायची. आप्पा गेले तोवर सरकारनं शेठजींचा हिस्सा विकत घेतला होता आणि तिथं अमेरिकन सैन्याच्या विमानांची दुरुस्ती चालायची. आप्पा इंजिन खोलणाऱ्या टोळीत होते. त्यांची एक वही माझ्याकडं आहे, कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली. बोट ओलं लागलं तिथं अक्षर जांभळं झालंय. एका पानावर गोल इंजिनाचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय: "एका वळीत सम आकडा कधी नसतो. ७ नाहीतर ९. १४ दिसले तर दोन वळी."

चार स्ट्रोकच्या गोल इंजिनात एक सोडून एक सिलिंडर पेटतो, म्हणून एका रांगेत विषमच लागतात. सम असते तर दोन फेऱ्यांत सगळ्यांचा नंबर लागला नसता. हे मला कळतं. म्हणजे माझ्या फोटोतली रांग ७ ची किंवा ९ ची आहे. पण कोणती?

डायव्हरला टेप घेऊन एका सिलिंडरचं माप घ्यायला सांगावं का, असाही विचार आहे.

आणि एक. ज्या विमानाचा फोटो मी रात्री चष्मा लावून बघत बसतो, त्याच्या आत कुणी राहिलंय का? कुणाला माहीत असेल तर आधी ते सांगा. तसं असेल तर मी हे फोटो असे घरोघर दाखवत फिरणार नाही.

कोकणकडा

काका, सिलिंडरचं सोडा, पंख मोजायला सांगा. या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावली की प्रश्न मिटला.

निवृत्त वायुसैनिक

कोकणकडा, या जोडीच्या बाबतीत पंखांनी प्रश्न मिटत नाही. ब्लेनहाइमच्या पंखांचा पसारा १७.१७ मीटर, ब्यूफायटरचा १७.६३. फरक अर्ध्या मीटरहूनही कमी. लांबी १२.९८ आणि १२.६. पाण्यावर आपटलेल्या, टोकं मोडलेल्या, निम्म्या वाळूत गेलेल्या विमानावर ४० मीटर खाली टेप धरून अर्धा मीटर कसा पकडणार? एकाच कंपनीच्या एकाच कुळातली विमानं आहेत ही.

डिझेलफिटर काका, मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. तुमच्या आप्पांच्या वहीतलं ते वाक्य आम्हाला वर्गात अर्धा तास लावून शिकवलं होतं. त्यांनी दोन ओळींत लिहिलंय.

सिलिंडरचं माप घेऊन उपयोग नाही, आणि त्याचं कारण मोठं सुंदर आहे. ब्लेनहाइमला ब्रिस्टलचं मर्क्युरी इंजिन, ९ सिलिंडर, एक रांग. ब्यूफायटरला ब्रिस्टलचंच हर्क्युलिस, १४ सिलिंडर, सातच्या दोन रांगा. पण दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १४६ मिलिमीटर आणि दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १६५. एकाच मापाचा सिलिंडर घेऊन कंपनीनं दोन इंजिनं बांधली. मर्क्युरी सुमारे २४.९ लिटरचं, हर्क्युलिस ३८.७ लिटरचं. दोन्ही आकडे ९ नं आणि १४ नं भागून बघा, भागाकार तोच येतो. त्यामुळं डायव्हरनं जीव धोक्यात घालून एका सिलिंडरचं बिनचूक माप आणलं तरी तुम्ही आहात तिथंच राहाल.

फोटोत पुढं जी जाड कडी दिसत असेल, काऊलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) तोंडाशी, ती धुराड्याची. ती दोन्ही इंजिनांना पुढूनच होती. तिच्यावरही जाऊ नका.

दोन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे कोन. ९ सिलिंडर असतील तर दोन शेजाऱ्यांमधला कोन ४० अंश. ७ असतील तर ५१ अंशांहून थोडा जास्त. तुम्हाला पाच सिलिंडर स्पष्ट दिसतात, म्हणजे चार अंतरं. चारांची बेरीज एका बाबतीत १६०, दुसऱ्या बाबतीत २०६ च्या आसपास. यात घोटाळा व्हायला जागा नाही. फोटो तिरका असेल तर एखादं अंतर कमी-जास्त दिसेल, पण चारांच्या बेरजेत ४६ अंशांची चूक होणार नाही. एक पथ्य मात्र पाळा. मागच्या रांगेतल्या सिलिंडरचं डोकं दोन पुढच्यांच्या फटीतून डोकावत असेल तर त्याला पुढच्या रांगेत धरू नका.

दुसरी गोष्ट तुम्ही डिझेलवाले असल्यामुळं लगेच ओळखाल. मर्क्युरीला तुमच्या ओळखीचे पॉपेट व्हॉल्व्ह आहेत, एका सिलिंडरला चार. त्यामुळं सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आणि त्या रॉकरना ढकलणाऱ्या पुशरॉडच्या, समोरून वर जाणाऱ्या नळ्या. हर्क्युलिस स्लीव्ह व्हॉल्व्हचं. त्यात व्हॉल्व्हच नाहीत! पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधे एक पातळ बाही असते, ती वरखाली होता होता थोडी फिरते आणि तिची भोकं सिलिंडरच्या भोकांसमोर आली की हवा आत, धूर बाहेर. रॉकर नाही, पुशरॉड नाही. डोकं एकदम बोडकं दिसतं.

तेव्हा समोर नळ्या आहेत का ते बघा. एक नळी जरी सापडली तरी ते हर्क्युलिस नाही.

तारकर्ली तळ

काका, मी मालवणकडे डायव्हिंग शिकवतो. फोटोबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मोजताना फसगत होणार नाही.

मास्कमधून पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतरानं जवळ दिसते. डायव्हर वर येऊन "एवढं मोठं होतं" असं हात पसरून सांगतो ते खोटं नसतं, पण ते मापही नसतं. कोनाला या गोष्टीचा त्रास कमी. कॅमेऱ्याची भिंग मात्र रुंद कोनाची असेल तर फोटोच्या कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. तुमचा प्रोपेलरचा बॉस फोटोच्या मधोमध आहे का ते बघा. असेल तर बरं.

तिथं रंगावर भरवसा नको. लाल रंग वरच्या थोड्या मीटरांतच संपतो, ४० मीटरवर लाल वस्तू काळपट दिसते. मित्रानं फ्लॅश मारला असेल तरच रंग खरा.

आणि त्यांना परत खाली पाठवायच्या आधी विचार करा. ४० मीटरला डायव्हिंगच्या टेबलाप्रमाणे जेमतेम ९ मिनिटं मिळतात. त्यानंतर वर येताना थांबे घ्यावेच लागतात. त्या खोलीवर डोकंही जड होतं, दारू चढल्यासारखं. मी स्वतः ३८ मीटरवर पाटीवर लिहिलेले आकडे वर आल्यावर वाचले आणि सातच्या जागी एक लिहिला होता. नवी बुडी मारायला लावण्यापेक्षा मूळ फाईल मागा. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दाबलेला असतो. त्यात तुमच्या पुशरॉडच्या नळ्या कधीच विरघळून गेल्या असतील.

खाली कुणीही काही घासू नये, उचलू नये हेही त्यांना सांगा. अॅल्युमिनियमवर बसलेला थरच त्याला आजवर राखतोय. तो खरवडला की उघडा पडलेला पत्रा खारं पाणी झपाट्यानं खातं, आणि जिथं लोखंडी बोल्ट आहे तिथं तर आधीच खाल्लेला असतो. वर आणलेला तुकडा कोरडा पडला की भुगा होतो. मी पाहिलंय.

डिझेलफिटर, सोलापूर

सगळ्यांचे आभार. वायुसैनिक सर, तुमचं उत्तर मी दोनदा मोठ्यानं वाचलं, एकदा मिसेसना ऐकवायला.

काल मूळ फाईल आली. नवी पेठेत जाऊन ए-थ्रीवर रंगीत प्रिंट काढली. दुकानातला पोरगा विचारत होता, काका हे काय, गिरणीतलं चाक का. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. प्रोपेलरच्या बॉसच्या मधोमध टाचणी टोचली, दोरा बांधला आणि प्रत्येक सिलिंडरच्या मध्यावरून दोरा ताणून पेन्सिलीनं रेघ मारली. वर्कशॉपात फ्लायव्हीलवर टायमिंगची खूण करायचो, तसंच.

चार अंतरं आली ३८, ४१, ४३ आणि ३९. बेरीज १६१.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात परत मोजलं, नातवाकडून. त्याला आधी काही सांगितलं नव्हतं. त्याची बेरीज १५९.

सहावा अर्धा सिलिंडर धरला तर तोही बरोबर ४० च्या आसपास बसतो. दोन सिलिंडरांच्या फटीत मागून काहीही डोकावत नाही, मागं नुसता अंधार आणि एक लहान मासा.

मग नळ्या. मूळ फाईल मोठी करून बघितली. वरच्या बाजूच्या दुसऱ्या सिलिंडरसमोर बोटाएवढ्या जाडीची एक नळी बॉसच्या बाजूनं निघून डोक्याकडं जाते. अर्ध्यात तुटलीय. तिच्या तोंडाशी पांढरं कालव बसलंय, पण वरच्या टोकाला रॉकरचा डबा आहे, त्याचं झाकण गेलंय आणि आत लोखंडाचा एक गंजलेला हात आडवा दिसतो. सर, ३१ वर्षं टॅपेट लावलेत मी. रॉकर आर्म मला झोपेत ओळखता येतो. तो रॉकर आर्मच आहे.

म्हणजे ब्लेनहाइम. बरोबर ना?

११ नंबरच्या फोटोबद्दलही विचारायचं होतं. त्यात पत्र्यात एक मोठं गोल भोक आहे, कडेनं जाड कडी, आत वाळू. कुठलं असेल?

आणि माझा शेवटचा प्रश्न तसाच राहिलाय.

निवृत्त वायुसैनिक

बरोबर. पुशरॉड आणि ४० अंश, दोन्ही एकत्र आले की हर्क्युलिस बाद. काटेकोरपणे सांगायचं तर ९ सिलिंडरची ब्रिस्टलची इतरही इंजिनं होती. पेगाससही ९ चं, बोअर तोच पण स्ट्रोक १९०, म्हणजे उंच सिलिंडर. ते वेलिंग्टन, स्वोर्डफिश या विमानांना असायचं. फोटो कुठूनही आलेला असता तर मी इथंच थांबलो असतो. पण तुमच्या कार्डावर दोनच विमानं आहेत, त्यामुळं ९ नंबर ब्लेनहाइमचा. आप्पांच्या वहीला माझा सॅल्यूट सांगा.

११ नंबरला इंजिन लागतच नाही. ब्लेनहाइमच्या पाठीवर मधोमध मशीनगनचा फिरता मनोरा होता, त्याची गोल बैठक पत्र्यात अशीच दिसते. ब्यूफायटर तर तिथं उताणं पडलंय, त्याची पाठ वाळूत. पाठीवरचं भोक वरून फोटोत येणारच नाही. त्याच्या पोटाला चढायच्या झडपा होत्या, पण त्या चौकोनी. तुमचं भोक गोल आणि कडीचं आहे, म्हणजे ब्लेनहाइम.

ब्यूफायटरच्या पाच फोटोंत नाकाच्या खालच्या बाजूला, म्हणजे आता वर आलेल्या बाजूला, नीट बघा. २० मिलिमीटरच्या चार तोफा तिथं पोटात बसवलेल्या असायच्या. त्यांची तोंडं सापडली तर मला जरूर कळवा, मला स्वतःला बघायची आहेत.

१२ नंबरबद्दल काही सांगता येणार नाही. रिव्हेटच्या दोन ओळी आणि हाताएवढा पत्रा. त्यावर मी नाव लिहिणार नाही.

जुने कागद

काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. दोन्ही विमानांतली सगळी माणसं वाचली.

ब्लेनहाइम १३ डिसेंबर १९४१ चं. ग्रीसच्या अर्गोस्तोली बंदरावर निघालं होतं, इटालियन लढाऊ विमानाचा मारा खाऊन परत फिरलं आणि वैमानिकानं ते माल्टाच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर उतरवलं. तिघं होते, तिघंही बाहेर आले. ब्यूफायटर १७ मार्च १९४३ चं, त्यात दोघं. उड्डाणानंतर बिघाड झाला, तेही पाण्यावर उतरवलं, दोघंही वाचले. पाचांपैकी कुणीही आत नाही.

१९४१ साली माल्टावरून उडणाऱ्या ब्लेनहाइमच्या तुकड्या शत्रूच्या जहाजांवर डोलकाठीच्या उंचीवरून हल्ला करायच्या. काही आठवडे एक तुकडी, मग दुसरी. फार माणसं गेली त्यात. म्हणून तिघं सुखरूप बाहेर आले हे मी परत परत वाचतो. आपल्याकडं श्रीलंकेच्या समुद्रात ९ एप्रिल १९४२ ला ब्रिटिश हवाई दलाच्या ११ नंबर स्क्वाड्रनची (तुकडीची) ९ ब्लेनहाइम कोलंबोच्या रेसकोर्सवरून जपानी विमानवाहू जहाजांवर गेली होती. त्यातली निम्म्याहून अधिक परत आली नाहीत.

यापुढं शोध घ्यायचा असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या आहेत, एअर २७ या मालिकेत. कोण, कुठल्या विमानात, किती वाजता निघालं आणि परत आलं की नाही, हे एकेका ओळीत लिहिलेलं असतं. परत न आलेल्यांच्या ओळीत वेळेचा रकाना मोकळा.

भाच्याला एवढं सांगा, माल्टात अशा जागांची काळजी हेरिटेज माल्टाचा पाण्याखालच्या वारशाचा विभाग घेतो. मूळ फाईल त्यांना दिली तर त्यांच्या कामाची आहे. दरवर्षी पत्रा किती झिजला ते जुन्या फोटोंशी ताडूनच कळतं.

डिझेलफिटर, सोलापूर

पाचही वाचले. हे वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवला.

भाच्याला रात्री फोन केला. तो म्हणाला, मामा, मला वाटलं तुम्हाला नुसतं विमानाचं नाव हवंय. मित्राला सांगून मूळ फाईली त्या विभागाला पाठवणार आहे, म्हणालाय. परत बुडी मारायला मी कुणालाच सांगितलं नाही.

वायुसैनिक सर, तोफांची तोंडं बघितली. ३ नंबरच्या फोटोत नाकाच्या बाजूला सरळ रेषेत दोन काळी भोकं आहेत, तिसरं अर्धं वाळूत. चौथं दिसत नाही. फोटो तुम्हाला निरोपात पाठवतोय, तुम्हीच ठरवा.

प्रिंट सगळ्या नीट काढून आणल्या. प्रत्येकीच्या मागं मराठीत लिहिलं: विमानाचं नाव, तारीख, खोली, आणि किती माणसं होती, किती वाचली. ९ नंबरची प्रिंट वेगळी ठेवलीय. ती आप्पांच्या वहीत, त्या गोल इंजिनाच्या चित्राच्या पानाशी. माझ्या पेन्सिलीच्या रेघा तिच्यावर तशाच आहेत, खोडल्या नाहीत. आप्पांनी चित्र ९ सिलिंडरचंच काढलं होतं, हे मी काल पहिल्यांदा मोजलं.

१२ नंबरच्या मागं फक्त "माल्टा" लिहिलंय.